पिशवी काढलेल्या महिलांच्या हाडांचीही तपासणी व्हावी

महोदय,

दसरा झाला की बीड, धाराशिव, लातूर भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि त्याच सुमारास, 20 ऑक्टोबरला, जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिन येतो. हाडे आतून विरळ व ठिसूळ करणाऱ्या या विकाराविषयी तेव्हा जे बोलले जाते, ते बहुधा शहरातल्या बैठ्या आयुष्याला धरून असते. आपल्याकडची बाई दिवसभर राबते, तिला कसला आला हाडांचा विकार, असे आपण गृहीत धरतो. हे किती महागात पडते ते मी घरात पाहिले आहे.

माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, सारा जन्म शेतात काढला. चाळिशीच्या आतच तिची पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढली आणि सोबत दोन्ही बीजांडकोशही काढले. पन्नाशीनंतर तिची पाठ सतत दुखू लागली, तेव्हा सुई आणि गोळ्या यांपलीकडे काही झाले नाही. लुगडे तेच, नेसण्याची पद्धत तीच, पण काठ जमिनीवर लोळू लागला. अक्काला आता नीट नेसता येत नाही, असे आम्ही म्हणत राहिलो. प्रत्यक्षात मणके दबून तिची उंची दोन इंचांनी कमी झाली होती. पुढे न्हाणीत पाय घसरून खुब्याचे हाड मोडले, तेव्हा कुठे या आजाराचे नाव आमच्या कानावर पडले.

हाड सतत झिजते आणि सतत नव्याने भरते. साधारण तिशीपर्यंत भर अधिक असते, नंतर झीज वरचढ होते. स्त्रीच्या शरीरात या झिजेला बीजांडकोशांत तयार होणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक आवर घालते, म्हणून पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडांची घट झपाट्याने होते. आणि बीजांडकोश लवकर काढले, तर ही घट दहा-पंधरा वर्षे आधीच सुरू होते. राज्य सरकारने 2019 मध्ये नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातील 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढल्याचे आढळले. त्यावर गदारोळ झाला आणि तो योग्यच होता, परंतु या महिलांच्या हाडांचे पुढे काय होणार, हे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

कष्टाने हाडांवर भार पडतो आणि भाराने हाड बळकट होते, हे खरे आहे. पण गवंडी कितीही राबला तरी विटांवाचून भिंत उभी राहत नाही. प्रौढ स्त्रीला दिवसाला सुमारे 1000 मिलिग्रॅम आणि पाळी गेल्यावर 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. 100 ग्रॅम ज्वारीत ते 30 मिलिग्रॅमसुद्धा नसते, आणि घरी दुभते असले तरी दूध डेअरीला जाऊन बाईच्या वाट्याला चहापुरतेच उरते. 100 ग्रॅम नाचणीत मात्र कॅल्शियम 300 मिलिग्रॅमच्या वर असते. तीळ आणि हुलगे तर आपल्या घरचेच आहेत, ते संक्रांतीपुरते किंवा आजारपणापुरते का ठेवावेत? कोवळ्या उन्हाचाही असाच गैरसमज आहे. कॅल्शियम अंगी लागण्यासाठी लागणारे ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण सकाळी सातच्या उन्हात फारच थोडे असतात. दहाच्या सुमारास हातांवर आणि चेहऱ्यावर थोडा वेळ ऊन घेणे अधिक उपयोगाचे. मिश्रीची सवय मात्र सोडलीच पाहिजे, कारण तंबाखू हाडांनाही पोखरते.

व्यायामाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण नुसते चालणे पुरेसे आहे असे बहुतेकांना वाटते. चालणे चांगलेच, पण त्यासोबत स्नायूंची ताकद आणि तोल यांचीही तालीम हवी. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, चौकट धरून टाचा उचलणे, आधाराला हात लावून एका पायावर उभे राहणे आणि पाण्याने भरलेल्या बाटल्या हळूहळू उचलणे, एवढे आठवड्यातून तीन दिवस केले तरी पडण्याचा धोका कमी होतो. अक्का आता हे रोज करते, देवघराच्या दाराची चौकट धरून. ज्यांचे मणके आधीच दबले आहेत त्यांनी मात्र कमरेतून पुढे वाकण्याची आसने आणि वाकून ओझे उचलणे टाळावे, आणि औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित घ्यावीत. व्यायाम हा औषधाला पर्याय नाही.

माझी मागणी साधी आहे. ऊसतोडीला जाण्यापूर्वी आणि परतल्यावर महिलांची जी आरोग्य तपासणी होते, तीत पिशवी कधी काढली आणि बीजांडकोश ठेवले की काढले, याची नोंद घ्यावी. छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड आणि लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत अशा महिलांची हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी ठरलेल्या दिवशी मोफत व्हावी. ते होईपर्यंत आशाताईंनी चाळिशी उलटलेल्या प्रत्येक बाईची उंची दरवर्षी मोजून लिहून ठेवावी. त्यासाठी भिंतीवरची एक पट्टी पुरते.

– एक सेवानिवृत्त शिक्षिका, अंबाजोगाई