नव्या प्रजातीचं हस्तलिखित पाठवण्याआधी

सर्व सदस्यांना नमस्कार,

सह्याद्रीतल्या नमुन्यांवर ज्यांचं लेखन चालू आहे, त्यांच्यासाठी ही आठवण.

होलोटाइप, म्हणजे ज्या एका नमुन्यावर नव्या प्रजातीचं नाव आधारलेलं असतं तो, कोणत्या संग्रहात आणि कोणत्या क्रमांकाने ठेवला, हे हस्तलिखितात स्पष्ट हवं. 'नमुना लेखकाकडे आहे' एवढ्यावर भागणार नाही. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ नुसार नव्या प्रजातीची माहिती नियुक्त संस्थेला कळवून नमुना तिथे जमा करणं बंधनकारक आहे. प्राण्यांसाठी अशी एक संस्था म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण. क्रमांक मिळायला वेळ लागू शकतो, म्हणून हे काम शेवटाला ठेवू नका.

नियतकालिक फक्त ऑनलाइन निघत असेल, तर झूबँकची (प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची अधिकृत ऑनलाइन नोंदवही) नोंदणी प्रकाशनाआधी झालेली आणि तिचा पुरावा लेखातच छापलेला हवा. नाहीतर प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेनुसार ते नाव ग्राह्यच धरलं जात नाही. एवढ्या मेहनतीचं असं होऊ नये, ही कळकळीची विनंती. काही नियतकालिकं ही नोंदणी स्वतः करतात. संपादकांना आधीच विचारा.

डीएनए क्रम जेनबँकेत, म्हणजे अशा क्रमांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहात, टाका. संदर्भांची पद्धत नियतकालिकाच्या सूचनांत असतेच.

टॅरंटुला (मोठे केसाळ कोळी) किंवा पालींचे अचूक अक्षांश-रेखांश छापू नका. पाळण्यासाठी जंगली प्राणी पकडून विकणारे तस्कर असे लेख वाचतात. नेमकं ठिकाण संग्रहालयाच्या नोंदीत राहू द्या.

रात्री बॅटरी घेऊन सोबत फिरलेल्या गावकऱ्यांची आणि वनरक्षकांची नावं, त्यांना विचारून, आभारात जरूर घाला. सर्व सहलेखकांनी अंतिम मसुदा वाचून होकार दिल्यावरच तो पाठवा, आणि एका वेळी एकाच नियतकालिकाकडे.