तुझी आठ गाणी

प्रिय दोस्ता,

तू पाठवलेली आठही नवी गाणी ऐकून झाली. खरं तर दुसऱ्यांदा, कारण पहिल्या रात्री मी जे केलं त्याला ऐकणं म्हणत नाहीत. मोबाइल उशाशी ठेवून प्रत्येकाला वीस-पंचवीस सेकंद दिले, नाही रुचलं की पुढचं. पाच मिनिटांत सगळी निकालात काढली आणि तुला ‘बरी आहेत’ असं कळवून मोकळा झालो. त्यावर तुझं नुसतं ‘हं’ आलं. ते लागलं, म्हणून हे पत्र.

सगळ्यात जास्त तोंडावर आपटलो तो अमापियानोच्या, म्हणजे त्या आफ्रिकी नाचाच्या संगीताच्या गाण्यात. त्या रात्री मला काय ऐकू आलं? खुळखुळ्यासारखं काहीतरी सतत वाजतंय, मध्येच पियानोचे दोन कॉर्ड, कुणीतरी पुटपुटतंय. म्हटलं, गाणं सुरू कधी होणार? दुसऱ्या दिवशी हेडफोन लावले आणि खालून तो लॉग ड्रम आला. तो धड ढोल नाही, धड बेस गिटार नाही. ठोका पडतो आणि सूर घसरत खाली जातो. जिथे समेवर येईल असं वाटतं तिथे येतच नाही, अर्धी मात्रा चकवून मागाहून येतो. दक्षिण आफ्रिकेतल्या पोरांनी हा प्रकार घडवला तो याच खालच्या सुरांवर, आणि मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला नेमके तेच झेपत नाहीत. म्हणजे आदल्या रात्री मी गाणं वजा जाता जे उरतं ते ऐकत होतो! लय मात्र निवांत, घाईचं नाव नाही. चार दिवस तेच रिपीटवर आहे.

पॉपचं गाणं अगदी उलट. पहिल्याच सेकंदाला मुखडा अंगावर. स्पॉटिफायवर 30 सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम मोजला जातो, तेव्हा तोवर श्रोता पळून जाऊ नये ही धडपड कळते. चाल चांगली आहे, खोटं कशाला बोलू. दात घासताना गुणगुणत होतो. पण दुसरा अंतरा येईल म्हणून वाट पाहिली, तर गाणंच संपलं. गाणी आखूड झाली म्हणून गळा काढणाऱ्यांतला मी नाही हं. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. 1902 मध्ये गायिका गौहर जान त्याच मापात गायल्या, वर शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायलाही त्यांनी वेळ काढला. तबकड्या परदेशात छापल्या जायच्या, तिथल्या लोकांना कुणाचं गाणं ते कळावं म्हणून, असं सांगतात. तुझ्या त्या रॅपमध्ये सुरुवातीलाच एक आवाज बीट बनवणाऱ्याचं नाव कुजबुजतो ना, तेव्हा मला हटकून गौहर जान आठवल्या. रॅप आवडलं. शब्द इतके भरभर येतात की निम्मे निसटले, पण श्वास कुठे घेतो ते मला अजून सापडलेलं नाही.

आता भांडण. चार मिनिटांचा यमन तू कौतुकानं पाठवलास, माझं मात्र डोकं फिरलं. विलंबित नाही, ठीक. बंदिश आणि मोजक्या ताना, तेही ठीक. पण तानपुऱ्यावर तो सिंथेसायझरचा जाड थर कशाला? आणि माझा कान सांगतो की आवाजावरून ऑटो-ट्यून फिरवलंय. 1997 मध्ये आलेलं, घसरलेला सूर ओढून जागेवर बसवणारं हे सॉफ्टवेअर पॉपवाले उघड-उघड, मुद्दाम रोबोटी आवाजासाठी वापरतात तेव्हा मला मजाच येते. इथे मात्र पंचमावरून रिषभावर उतरणारी मींड ऐक: घरंगळत यायला हवी ती पायऱ्या मोजत येते. मधला सगळा यमन त्या पायऱ्यांच्या फटीत पडला. तुझं वेगळं मत असेल तर तीच जागा पुन्हा ऐक आणि मग बोल.

मेटल जमलं नाही. दोनदा ऐकलं, दोन्ही पायांनी बेस ड्रम बडवणाऱ्याच्या पोटऱ्यांचं कौतुक वाटलं, इतकंच. दोन डान्स ट्रॅक एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत, त्यातला कुठला कोण हे आत्ताही सांगता येणार नाही.

राहिली ती गिटार घेऊन एकटी बसलेली बाई. ती कुठल्या भाषेत गाते तेही मला कळत नाही. बहुतेक एका बैठकीत रेकॉर्ड केलंय, कारण शेवटच्या ओळीआधी तिनं घेतलेला श्वास ऐकू येतो. मग तारांवरून बोटं उचलल्याची किरकिर, थोडी शांतता, आणि कुणीतरी खुर्ची सरकवतं. ती खुर्ची कुणी कापली नाही म्हणून मी त्या माणसाचा ऋणी आहे. पहिल्या रात्री हे गाणं मी विसाव्या सेकंदाला ढकललं होतं. ती गायला लागते चाळिसाव्या सेकंदाला.

माझ्याकडची पाच गाणी पाठवतोय. तिसरं हेडफोनशिवाय लावू नकोस. पाचव्याची सुरुवात फार रटाळ आहे, तिथे थोडी कळ काढ. आणि ‘बरी आहेत’ लिहिलंस तर माझंही ‘हं’ तयार आहे.

तुझाच