प्रदूषणमुक्तीचा दाखला देण्याआधी एक वर्ष थांबा

प्रति,
मा. पर्यावरणमंत्री महोदय,

विषय : पेट्रोलगळतीच्या जागांना प्रदूषणमुक्त ठरवण्याची पद्धत

महोदय,
स. न. वि. वि.

जमिनीखालच्या टाकीतून पेट्रोल गळाले की ती जागा माझ्यासारख्यांच्या वाट्याला येते. भूजल तपासण्यासाठी घेतलेल्या अरुंद निरीक्षण विहिरीचे झाकण उघडायचे, पाण्याची पातळी मोजायची, वर तवंग आहे का ते पाहायचे, नमुना भरायचा. हे काम मी अनेक वर्षे करते आहे. आज आपल्याला लिहिते आहे, कारण आम्ही आणलेल्या आकड्यांवर जे दाखले दिले जातात, त्यांतल्या काहींवर माझा स्वतःचाच विश्वास राहिलेला नाही.

एक जागा मनातून जात नाही. तिथे दूषित पाणी उपसून कार्बनच्या गाळणीतून सोडले गेले, मातीतली पेट्रोलची वाफ पंपाने ओढून घेतली गेली. लागोपाठ दोन तपासण्यांत आकडे मर्यादेच्या आत आले. यंत्रे उचलली, फाइल बंद झाली, आणि शेजारच्या घराने आपली विहीर पुन्हा वापरात आणली. पुढे पाणीपातळी खाली गेल्यावर मी एका निरीक्षण विहिरीचे झाकण उघडले, तर पेट्रोलचा वास थेट नाकात शिरला. तो ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. शेजारच्या बाई कुंपणापलीकडून विचारत होत्या, "आता सगळं ठीक आहे ना?" मला उत्तर देता आले नाही.

असे का होते, हे थोडे सविस्तर सांगते, कारण नियम इथेच कमी पडतो. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके. ते मातीतून झिरपत भूजलाच्या पातळीपर्यंत पोचते आणि तिथे पसरते. पण ती पातळी वर्षभर एका जागी राहत नाही. ती खाली गेली की पेट्रोलही तिच्यामागे खाली उतरते. वर आली की त्यातले बरेचसे मातीच्या कणांमध्ये थेंबाथेंबाने अडकून पाण्याखाली राहते. तेव्हा विहिरीत तवंग दिसत नाही. पेट्रोल गेलेले नसते, फक्त दिसेनासे झालेले असते. त्यात आणखी एक गोष्ट. निरीक्षण विहिरीच्या नळीला ठरावीक खोलीवरच जाळी असते. पाणी त्या जाळीच्या वर चढले, तर तरंगणाऱ्या थराला विहिरीत शिरायला वाटच उरत नाही. मोजणाऱ्याने काहीही लबाडी न करता आकडा चांगला येतो.

पंप बंद केल्यानंतरचेही असेच आहे. उपसा चालू असताना आजूबाजूचे स्वच्छ पाणी ओढले जाते आणि नमुना पातळ होतो. चिकणमातीच्या थरात मुरलेले बेन्झिन, म्हणजे पेट्रोलमधला एक विषारी घटक, मात्र सावकाश बाहेर येत राहते. म्हणून यंत्रे थांबल्यावर काही महिन्यांनी आकडे पुन्हा चढणे ही या कामातली नेहमीची गोष्ट आहे. ते चढायच्या आतच दाखला द्यायचा, हे मला पटत नाही.

बेन्झिनने माणसाला कर्करोग होतो, याबद्दल आता शंका नाही. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे, अमेरिकेची मर्यादा 5. पेट्रोलमध्ये 1 टक्का बेन्झिन धरले, तर एका लिटरात ते सुमारे 8.8 ग्रॅम भरते. तेवढे सगळे पाण्यात उतरले, तर जवळजवळ पावणेनऊ लाख लिटर पाणी 10 मायक्रोग्रॅमच्या मर्यादेला नेऊन ठेवायला ते पुरेसे आहे. टाकीतून एक लिटर गळाल्याचे कुणाच्या लक्षातही येत नाही.

पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे एमटीबीई हे रसायन तर बेन्झिनपेक्षा लांब आणि वेगाने जाते, कारण ते पाण्यात सहज विरघळते आणि मातीला फारसे चिकटत नाही. 1996 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका शहराला त्यामुळे आपल्या बहुतेक विहिरी बंद कराव्या लागल्या.

प्रत्येक जागा खणून काढा, असे मी म्हणत नाही. मातीतले जीवाणू बेन्झिन खातात, आणि अनेक ठिकाणी दूषित पाण्याचा पट्टा काही अंतरावर आपोआप थांबतो. तिथे निसर्गावर सोपवणे हा प्रामाणिक निर्णय असू शकतो. पण मग ते काम खरोखर चालू आहे याचा पुरावा हवा. विरघळलेला ऑक्सिजन, नायट्रेट आणि सल्फेट घटते आहे का, विरघळलेले लोह आणि मिथेन वाढते आहे का, हे मोजले पाहिजे. नुसती वाट पाहणे म्हणजे निरीक्षण नव्हे.

माझी मागणी एकच आहे. शुद्धीकरणाची यंत्रे बंद केल्यानंतर किमान एक पूर्ण वर्ष, दर तीन महिन्यांनी तपासणी झाल्याशिवाय कोणत्याही जागेला दाखला देऊ नये; आणि त्यात पाणीपातळी सर्वांत वर व सर्वांत खाली असतानाचे नमुने असलेच पाहिजेत. प्रत्येक आकड्याशेजारी त्या दिवशीची पाणीपातळी आणि विहिरीच्या जाळीची खोली लिहिणे बंधनकारक करा. त्याशिवाय तो आकडा वाचताच येत नाही. नमुना गळतीला जबाबदार असलेल्याच्या माणसाने घेऊ नये. हे काम वाटते तितके सोपे नाही : 40 मिलिलिटरची कुपी काठोकाठ भरून, उलटी करून, आत एकही बुडबुडा नाही हे पाहावे लागते, कारण बेन्झिन त्या बुडबुड्यातही निसटते. हलगर्जीपणाने भरलेली कुपी नेहमी जागेच्याच बाजूने साक्ष देते.

आणि हे सगळे आकडे शेजारच्यांना मागावे लागू नयेत. त्यांच्या विहिरीच्या तपासणीचा कागद त्यांच्या हाती आपोआप पडावा.

एक गोष्ट मात्र नवा नियम होईपर्यंत थांबू शकत नाही. फाइल बंद झाली की निरीक्षण विहिरी सिमेंटने बुजवल्या जातात. ज्या जागा एक-दोन आकड्यांवर मोकळ्या केल्या गेल्या, तिथल्या विहिरी बुजवण्याचे काम आजच थांबवण्याचा आदेश द्यावा. पाणीपातळी पुन्हा खाली जाईल, तेव्हा ती झाकणे उघडायला मी तयार आहे.

आपली,
भूजल तपासणीच्या कामातली एक कर्मचारी