मंजूस, अंबाजोगाईहून

अंबाजोगाई, रविवार रात्र

प्रिय मंजे,

शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. मी बरी आहे, शुगर आहे तिथेच आहे.

वॉर्डात स्कर्व्हीचा, म्हणजे व्हिटॅमिन सीच्या कमतरतेचा, पेशंट आहे. हस! सामाजिक वैद्यकशास्त्राच्या तोंडी परीक्षेसाठी तू जेम्स लिंडचा १७४७चा स्कर्व्हीवरचा प्रयोग, त्याचे १२ आजारी खलाशी, दोघांना रोज दोन संत्री नि एक लिंबू असं रात्रभर घोकत होतीस आणि मी ‘जहाजावरचा रोग बीडात कोण आणणार’ म्हणून दिवा घालवला होता. त्यावर आठवडाभर अबोला!

सहा वर्षांचा मुलगा. आधी लंगडायचा, मग चालणंच सोडलं. गुडघे दुमडून, मांड्या फाकवून बेडकासारखा पडलेला. चादर सरकवली तरी किंचाळायचा. ऑटिझम आहे, बोलत नाही, मग दुखतंय कुठे हे सांगणार कोण? शहरात आधी संधिवात म्हणाले, मग हाडात पू, शेवटी ब्लड कॅन्सर नको म्हणून बोन मॅरोसुद्धा काढला. काही निघालं नाही.

मी तोंड उघडून बघितलं तर हिरड्या जांभळ्या, फुगून दातांवर आलेल्या. आई म्हणाली, ब्रश केला की रक्त येतं. पण ते दाताच्या डॉक्टरांच्या कागदावर होतं, पायाच्या कागदावर नाही! नडगीवर केसांच्या मुळाशी लाल ठिपके. एक्स-रेत गुडघ्याजवळ पांढरी रेघ नि तिला लागून काळसर पट्टा. हाडावरच्या आवरणाखाली रक्त साचलं की पोर पाय टेकवेल कसं?

आणि गाल हे एवढे भरलेले! वजन चांगलं, म्हणून खातो काय हे कुणी विचारलंच नाही. खातो उकळलेलं दूध, पांढरा भात आणि एकाच कंपनीची बिस्किटं. प्रत्येक बिस्किटाचा वास घेतो, तुटलेलं निघालं तर आईच्या हातात परत. तुलाच का लिहितेय ते कळलं ना आता?

रिपोर्टची वाट न बघता व्हिटॅमिन सी सुरू केलं, दिवसाला तीनशे मिलिग्रॅम, विभागून. गोळी थुंकली, म्हणून थेंब, तेही कोमट दुधात. दोन-तीन दिवसांत मांडीला हात लावू दिला. ते सुटेल गं.

झोप उडालीय ती त्याच्या आईमुळे. सासू वॉर्डभर सांगत फिरते, ‘परसात आवळा आहे, दारात पेरू आहे, हिला पोराला चारता येईना.’ राउंडला आमच्यातल्याच एकाने विचारलं, ‘नुसती बिस्किटं का देता?’ जणू हिने ताटं वाढून बघितलीच नाहीत! ती गप्प. काल मला हळूच म्हणाली, ‘मीच पांगळा केला का त्याला?’ मी शरीरात कोलेजन कसं बनतं तिथपासून सुरुवात केली. मूर्खासारखं! मान हलवत ऐकलं बिचारीने.

ओजसच्या त्या दहीभाताच्या वर्षांत तुझ्या सासूबाईंनी काय काय ऐकवलं ते मला माहीत आहे. मीही एकदा ‘दोन दिवस उपाशी ठेव, झक मारत खाईल’ म्हणाले होते आणि तू फोन आपटला होतास. बरोबरच होतं तुझं. तेव्हा या बाईशी बोलशील का? डॉक्टर म्हणून नको, ओजसची आई म्हणून. नवी चव ताटात नुसती ठेवायची, बळजबरी नाही, हे तू सांगितलंस तर पटेल तिला. आणि सासूला फोनवर घ्यायची वेळ आली तर तुझा तो खास आवाज काढ.

बदलीचं काय झालं? ओजसचा दहावीचा फॉर्म भरला का? गुडघ्याचं दुखणं अंगावर काढू नकोस.

तुझी,
शैला

ता. क. रात्री आठनंतर माझ्याच फोनवर कर. तिचा फोन नवऱ्याकडे असतो.