सूचना : दाढदुखी अंगावर काढू नका

सभासद मंडळींनो, नमस्कार.

परवा रंकाळ्यावर आपले एक काका गालाला मफलर गुंडाळून आले. चार रात्री झोप नाही, लवंग दाबून आणि मेडिकलमधल्या गोळ्यांवर दिवस काढलेले. मफलर सोडला तर जबड्याखाली लिंबाएवढी सूज! म्हणून हे कळकळीनं लिहिते आहे.

गार पाण्याची कळ लगेच गेली तर दोन-चार दिवसांत दाखवलं तरी चालतं. पण चहाच्या घोटानं उठलेली कळ रेंगाळत असेल, आडवं झाल्यावर ठणका वाढत असेल, हिरडीवर पुवाची पुळी आली असेल, तर त्याच दिवशी डेंटिस्ट गाठा. आधी रूट कॅनल झालेली दाढ पुन्हा दुखत असेल तर शक्यतो एंडोडॉन्टिस्टच, म्हणजे रूट कॅनलचे तज्ज्ञ. ठणका आपोआप थांबला म्हणून निवांत राहू नका. नस मेली तरी मुळाशी जंतू वाढतच राहतात. नुसत्या अँटिबायोटिकनं ते जात नाहीत.

सुजेबरोबर ताप आहे, तोंड उघडेना, गिळता येईना, श्वास अडकतोय? मग थेट आपल्या कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग, रात्र असली तरी.

फुटबॉल खेळणाऱ्या पोरांच्या घरच्यांसाठी : पक्का दात मुळासकट निखळला तर मुळाला हात न लावता उचला, घासू नका, लगेच खोबणीत बसवा. जमलं नाही तर गार दुधात टाकून अर्ध्या तासात डेंटिस्टकडे पळा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही.