आठव्या दिवशी हात थांबले, मेंदूचं काय?

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सविनय नमस्कार.

माझा धाकटा भाऊ गेल्या वर्षी दारू सोडायला सरकारी रुग्णालयात दाखल झाला. पहिले तीन दिवस त्याच्या हातात चहाचा कप ठरत नव्हता. आठव्या दिवशी हात थांबले, डिस्चार्ज कार्डावर 'प्रकृती ठीक' असं लिहून मिळालं. घरी येताना एसटी फाट्यावर थांबली. समोर देशी दारूच्या दुकानाची पाटी. आईबद्दल बोलता बोलता तो मध्येच गप्प झाला. मी दोनदा हाक मारली, त्याला ऐकूच आली नाही. पंधराव्या दिवशी तो प्यायला.

सगळे म्हणाले, यानं मनावरच घेतलं नाही. मीही म्हटलं, आणि त्याचं मला आज फार वाईट वाटतं.

साहेब, मेंदूचे दूरदूरचे भाग जाळी करून एकत्र काम करतात. समोरच्या शंभर गोष्टींतून महत्त्वाची कुठली ते हेरणारं एक जाळं असतं. मेंदूतला इन्सुला नावाचा भाग हे त्याचं मुख्य ठाणं. वर्षानुवर्षं दारू प्यायल्यावर या जाळ्याला बाटली, वास, पाटी हेच आधी दिसतं. कपाळामागचं, 'थांब' म्हणणारं जाळं त्याच काळात दुबळं होत जातं. एमआरआयच्या अभ्यासांत या जाळ्यांमधला बिघडलेला ताळमेळ पुन्हा पुन्हा दिसला आहे. 'मनावर घे' हे आम्ही सांगत होतो ते नेमकं त्या दुबळ्या जाळ्याला.

दारू बंद राहिली तर मेंदू बराचसा सावरतो, पण त्याला महिने लागतात. आमच्या वाट्याला आठ दिवस आले. एम्सच्या 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत तर दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांत जेमतेम एकाला काही उपचार मिळाल्याचं आढळलं. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा दारूच्या व्यसनातून येणाऱ्या विकारांना मानसिक आजारातच धरतो.

म्हणून मागणी एवढीच: तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस समुपदेशक, आणि ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोफत, निदान वर्षभर. पैसा राज्य उत्पादन शुल्काच्या महसुलातून ठरवून बाजूला काढावा. तो आमच्यासारख्या घरांतूनच गेलेला आहे.

भावाला पुढच्या महिन्यात पुन्हा दाखल करतेय. या वेळी डिस्चार्ज कार्डावर पुढच्या भेटीची तारीख असावी, आणि ती भेट आमच्या तालुक्यातच व्हावी.

आपली,
एक बहीण