करार मोडणाऱ्याला दुसऱ्याच्या नफ्यातून सूट नको

महोदय,

करारभंगाच्या दाव्यांत एक युक्तिवाद हमखास येतो: ‘करार आम्ही मोडला हे खरं, पण त्यामुळे समोरच्याचा फायदाच झाला, तो भरपाईतून वळता करा.’ भरपाई म्हणजे बक्षीस नव्हे, हे मलाही मान्य आहे. करार पाळला गेला असता तर माणूस जिथे असता, तिथे त्याला पैशाने नेऊन ठेवायचं, एवढंच तिचं काम. पण त्यानंतर त्याच्या हाती पडलेला प्रत्येक पैसा कसूरदाराच्या नावे जमा धरायचा, हे साफ चूक आहे.

‘न्यू फ्लॅमेन्को’ या प्रवासी जहाजाचं प्रकरण पाहा. भाड्याने घेणाऱ्यांनी मुदतीच्या दोन वर्षं आधीच, ऑक्टोबर २००७ मध्ये, जहाज परत केलं. मालकांनी त्याच सुमारास ते सुमारे २ कोटी ३८ लाख डॉलरला विकलं. पुढे मंदी आली आणि करार संपायच्या वेळी, नोव्हेंबर २००९ मध्ये, त्याच जहाजाची किंमत उरली ७० लाख डॉलर. मालक उरलेल्या दोन वर्षांच्या बुडालेल्या नफ्याची भरपाई मागत होते; भाडेकरू म्हणाले, हा फरक त्यातून कापा. कापला असता तर मालकांच्या हाती काहीच पडलं नसतं! लवादाने भाडेकरूंचं मानलं, उच्च न्यायालयाने ते फिरवलं, अपील न्यायालयाने पुन्हा उलटवलं. अखेर २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मालकांच्या बाजूने कौल दिला. तोच योग्य. जहाज ठेवायचं की विकायचं, हा मालकांचा स्वतःचा धंद्यातला निर्णय होता. करार चालू असतानाही त्यांना ते विकता आलं असतं. उलट बाजारभाव चढला असता, तर विक्रीतला तोटा त्यांना भाडेकरूंकडून मागता आला असता का? मुळीच नाही. मग नफ्यावर भाडेकरूंचा हक्क कुठून आला?

वजावट न्याय्य ठरते तीही उदाहरणं आहेतच. १९१२ च्या वेस्टिंगहाउस खटल्यात भुयारी रेल्वेला मिळालेली टर्बाइनं जास्त कोळसा खाणारी निघाली. रेल्वे कंपनीने ती काढून दुसऱ्या उत्पादकाची बसवली आणि नव्यांमुळे खर्च इतका वाचला की बदलण्याची किंमत वसूल होऊन वर शिल्लक राहिली. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, ही बचत हिशेबात धरली, कारण ती तोटा आवरण्यासाठी उचललेल्या पावलातूनच आली होती. यंत्रं बदलण्याआधी जादा जळलेल्या कोळशाची भरपाई मात्र कंपनीला मिळायलाच हवी होती.

विम्याचं उत्तर तर इंग्लिश कायद्यात १८७४ पासून ठरलेलं आहे: ज्याने स्वतः हप्ते भरले, त्याच्या विम्याचा लाभ नुकसान करणाऱ्याला मिळत नाही.

व्यापारी लवादांची कागदपत्रं मी रोज हाताळतो. ‘मिळालेला लाभ वजा जाता’ एवढ्या एका ओळीत मोठमोठ्या रकमा उडालेल्या पाहिल्या की संताप येतो. वजावट मागणाऱ्यानेच तो लाभ करारभंगातून किंवा तोटा आवरण्याच्या प्रयत्नातून आल्याचं सिद्ध करावं, आणि ते कसं सिद्ध झालं याची कारणं लवादाने निवाड्यात लिहावीत.

– एक वाचक